विश्लेषण : भोसरी-चाकणचे लघुउद्योग ‘गुगल’वर का सापडत नाहीत?

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि दहा-पंधरा कामगार असतात. वर्षानुवर्षे एकाच मोठ्या पुरवठादाराचे जॉबवर्क सुरू असते. कारखान्याची वेबसाइटही असते, कधीतरी कुणाकडून तरी करून घेतलेली. मात्र चाकणच्या एखाद्या कंपनीतील खरेदी अधिकाऱ्याने ‘सीएनसी टर्निंग भोसरी’ असे शोधले, तर ही वेबसाइट त्याच्यासमोर येत नाही. वाहन उद्योगाचे स्वरूप बदलत असताना नव्या ग्राहकाला सापडणे हा पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील लहान कारखान्यांसाठी जगण्या-तगण्याचा प्रश्न बनत आहे. त्याच गरजेवर ‘गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो’ अशी आश्वासनेही विकली जात आहेत. वेबसाइटची ही ऑनलाइन दृश्यमानता मोजायची कशी, वाढवायची कशी आणि त्यात फसगत कुठे होते, याचा हा आढावा.

हा प्रश्न आताच का उभा राहिला?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. पुढे टेल्को, बजाज ऑटो, बजाज टेम्पो अशा कंपन्या आल्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे हजारो लघुउद्योग भोसरी, चिंचवड, आकुर्डी, तळवडे, चिखली भागांत उभे राहिले. २००९च्या सुमारास चाकणमध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि पाठोपाठ महिंद्रचे कारखाने सुरू झाले, तेव्हा ही साखळी आणखी लांबली. वर मोठी कंपनी, तिच्याखाली थेट पुरवठादार आणि त्याच्याखाली जॉबवर्क करणारी छोटी शेड अशी ही उतरंड आहे. तळाच्या कारखानदाराला ग्राहक शोधावा लागत नव्हता. जुन्या साहेबांची ओळख, आधीच्या नोकरीतले संबंध आणि वेळेवर दिलेला माल यांवर काम चालत होते.

या रचनेचा धोका अधूनमधून दिसत आला आहे. २०१९ मध्ये वाहन विक्री घसरली आणि मोठ्या कंपन्यांनी काही दिवस उत्पादन बंद ठेवले. त्याची झळ थेट तळापर्यंत पोहोचली. तळेगावचे उदाहरण त्याहून बोलके आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले. तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला, तो २०२३ मध्ये. मधल्या काळात ज्यांचे काम एकाच ग्राहकावर अवलंबून होते, त्यांच्यापुढे नवा ग्राहक शोधण्याखेरीज पर्याय नव्हता.

आता बदल तंत्रज्ञानातच होत आहे. ज्या आकुर्डीतून एकेकाळी पेट्रोलवरची चेतक स्कूटर बाहेर पडायची, तिथेच आता विजेवरची चेतक तयार होते. विजेच्या वाहनात पिस्टन, क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, सायलेन्सर नसतात. हे भाग बनवणाऱ्यांच्या यंत्रांवर पंप, शेती अवजारे, वैद्यकीय उपकरणे किंवा संरक्षण सामग्रीचे भाग बनू शकतात. पण त्या क्षेत्रांतले खरेदीदार या कारखानदारांना ओळखत नाहीत. ते आधी मोबाइलवर शोधतात.

खरेदीदार नेमके काय शोधतो?

शोध दोन प्रकारचे असतात. पहिला नावाने. कुणीतरी कारखान्याचे नाव सुचवलेले असते, व्हिजिटिंग कार्ड हाती असते आणि खात्री करण्यासाठी समोरचा ते नाव टाइप करतो. दुसरा शोध कामाने. खरेदीदाराला कारखाना ठाऊक नसतो. त्याला काय करून हवे आहे तेवढे माहीत असते. तो प्रक्रिया, धातू, आकारमान आणि ठिकाण एकत्र करून लिहितो, जसे ‘स्टेनलेस स्टील ३१६ टर्निंग जॉबवर्क चाकण’ किंवा ‘व्हीएमसी मशिनिंग एक मीटर बेड पिंपरी’.

नावाने केलेल्या शोधात वेबसाइट दिसली, तर ती आधीच्या ओळखीची पावती असते. नवा ग्राहक येतो तो कामाने केलेल्या शोधातून. बहुतेक वेबसाइटवर मात्र ‘आम्ही दर्जेदार उत्पादनांचे अग्रगण्य उत्पादक आहोत’ अशा अर्थाची इंग्रजी वाक्ये असतात. असे वाक्य लिहून कुणीही काही शोधत नाही.

भाषेचा मुद्दाही आहे. कंपन्यांचे खरेदी विभाग सहसा इंग्रजीत शोधतात, त्यामुळे तांत्रिक पाने इंग्रजीत ठेवणे व्यवहार्य ठरते. परंतु वेल्डिंगचे काम शोधणारा कामगार, शेती अवजाराचा भाग दुरुस्त करून घेणारा शेतकरी किंवा टेम्पोचालक मराठीत, अनेकदा बोलूनच शोधतो. ज्यांचा ग्राहक असा आहे, त्यांच्यासाठी मराठी पान उपयोगाचे असते.

वेबसाइट गुगलमध्ये दिसते कशी?

गुगलचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात त्याचा स्वयंचलित प्रोग्राम दुव्यांवरून एका पानावरून दुसऱ्या पानावर जात मजकूर वाचतो. दुसऱ्या टप्प्यात त्या पानाची आपल्या प्रचंड सूचीत नोंद करायची की नाही, हे ठरते. तिसऱ्या टप्प्यात कुणी काही शोधले, की नोंदलेल्या पानांपैकी कोणते वर आणि कोणते खाली हा क्रम लागतो.

वेबसाइट दिसत नाही म्हणजे यांपैकी कोणत्या तरी टप्प्यावर ती अडली आहे. प्रत्येक अडथळ्याचा उपाय वेगळा असतो. अनेकदा वेबसाइट तयार होत असताना ती शोधात येऊ नये म्हणून ‘नोइंडेक्स’ ही सूचना घातलेली असते आणि काम संपल्यावर ती काढायची राहून जाते. अशी वेबसाइट कितीही देखणी असली, तरी गुगलच्या सूचीत तिचे नाव येत नाही. ही तपासणी मिनिटाभराची आहे. गुगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’, मग विसर्गासारखे दोन टिंब आणि त्याला जोडून वेबसाइटचा पत्ता लिहिला, की सूचीत आलेल्या पानांचा अंदाज येतो.

मग दृश्यमानता मोजायची कशी?

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत सर्वात फसवी आहे. मालक स्वतःच्या मोबाइलवर आपल्या कामाचे नाव शोधतो, वेबसाइट वर दिसते आणि तो निश्चिंत होतो. गुगल निकाल दाखवताना शोधणाऱ्याचे ठिकाण विचारात घेते, आधीच्या शोधांचाही परिणाम होऊ शकतो. भोसरीतल्या शेडमध्ये बसून केलेल्या शोधात जे दिसते, ते कोल्हापूरच्या किंवा होसूरच्या खरेदीदाराला दिसेलच असे नाही.

दुसरी पद्धत म्हणजे बाहेरच्या कंपन्यांनी दिलेले गुण. एकेकाळी गुगल स्वतःच्या टूलबारमध्ये पानाचे ‘पेजरँक’ दाखवत असे. ते २०१६ मध्ये बंद झाले. अ‍ॅमेझॉनच्या मालकीच्या ‘अलेक्सा’ने दिलेला वेबसाइटचा क्रमांक अनेक वर्षे प्रस्तावांमध्ये मिरवला जायचा; ती सेवा १ मे २०२२ रोजी संपली. आज ‘डोमेन ऑथॉरिटी’सारखे गुण दाखवले जातात. ते संबंधित खासगी कंपन्यांचे अंदाज असतात. क्रम लावताना गुगल ते वापरत नाही. स्पर्धकाशी तुलनेसाठी त्यांचा थोडाफार उपयोग आहे, पण त्यावर पैसे मोजणे योग्य नाही.

खात्रीची नोंद गुगलकडेच असते आणि ती विनामूल्य मिळते. ‘सर्च कन्सोल’ असे त्या सेवेचे नाव. वेबसाइट आपलीच आहे हे सिद्ध केले, की चार आकडे दिसतात. वेबसाइट निकालात किती वेळा दिसली, त्यावर किती क्लिक झाले, दिसण्याच्या तुलनेत क्लिकचे प्रमाण किती आणि सरासरी क्रमांक कितवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकांनी कोणते शब्द लिहिले तेव्हा वेबसाइट दिसली, त्यांची यादी मिळते. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी या यादीत येत नाहीत, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

हे आकडे वाचायचे कसे, यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्याची वेबसाइट महिन्यात २,००० वेळा दिसली आणि ४० क्लिक झाले. प्रमाण दोन टक्के, म्हणजे वरवर ठीक वाटते. पण शब्दांची यादी उघडल्यावर दिसते, की नावाने झालेल्या शोधात वेबसाइट १०० वेळा दिसली आणि त्यातून ३४ क्लिक आले. कामाने झालेल्या शोधात ती १,९०० वेळा दिसली आणि क्लिक आले फक्त ६. तिथला सरासरी क्रमांक ३८. याचा अर्थ, गुगलला या कारखान्याचे काम कळले आहे, पण त्याला ते चौथ्या पानावर ठेवण्याजोगे वाटते. एकूण ४० हा आकडा काहीच सांगत नव्हता. त्याची फोड केल्यावर काम कुठे करायचे ते कळले.

क्लिक वाढले, तरी ऑर्डर का येत नाही?

कारण क्लिक म्हणजे ग्राहक नव्हे. वेबसाइटवर येणाऱ्यांत नोकरी शोधणारे असतात, यंत्रे विकणारे असतात, प्रकल्पासाठी माहिती घेणारे विद्यार्थी असतात. इंजिनीअरिंगच्या जॉबवर्कमध्ये महिन्याला हजार लोक आले आणि एकानेही ड्रॉइंग पाठवले नाही, तर त्या हजारांचा उपयोग नाही. उलट, साठ जण आले आणि दोघांनी कोटेशन मागितले, तर महिना चांगला गेला असे म्हणता येते.

म्हणून वेबसाइटच्या आकड्यांना कारखान्याच्या वहीची जोड द्यावी लागते. फोन, व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेलवरून नवी चौकशी आली, की ‘आमचे नाव कुठून मिळाले’ हा एक प्रश्न विचारून उत्तर नोंदवायचे. चौकशी, कोटेशन, नमुना आणि ऑर्डर असे चार रकाने पुरतात. वेबसाइटवरचे फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपचे बटण किती वेळा दाबले गेले, हे ‘गुगल अ‍ॅनालिटिक्स’मध्ये मोजता येते. या सेवेची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद झाली. ज्यांनी नवी आवृत्ती जोडली नाही, त्यांच्याकडे तेव्हापासून नोंदच होत नसावी, हेही तपासायला हवे.

वेबसाइटमध्ये सुधारणा कोणत्या?

सर्वात मोठा फरक पडतो तो मजकुराने. ‘आमच्या सेवा’ या एकाच पानावर टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, फॅब्रिकेशन अशी नावांची यादी देण्याऐवजी प्रत्येक प्रक्रियेचे स्वतंत्र पान हवे. त्यात कोणते यंत्र आहे, जास्तीत जास्त किती व्यासाचा आणि लांबीचा भाग बसतो, कोणत्या धातूंवर काम होते, किती मायक्रॉनपर्यंत अचूकता मिळते, तपासणीची साधने कोणती, महिन्याची क्षमता किती आणि किमान किती नगांचे काम घेतले जाते, हे लिहिलेले असावे. आयएसओ ९००१ किंवा वाहन उद्योगासाठीचे आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र असेल, तर त्याची मुदतही द्यावी. खरेदीदाराला फोन करण्यापूर्वी जे जाणून घ्यायचे असते ते हेच. आणि हेच शब्द शोधातही लिहिले जातात.

पानाचे शीर्षक ही दुसरी जागा. ब्राउझरच्या पट्टीवर आणि गुगलच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसते ते शीर्षक अनेक वेबसाइटवर नुसते ‘होम’ किंवा ‘वेलकम’ असते. तिथे काम आणि ठिकाण लिहिणे हा पाच मिनिटांचा बदल आहे. पानाच्या आत लपवून शेकडो ‘कीवर्ड’ भरण्याचा जुना प्रकार मात्र निरुपयोगी आहे. त्यासाठीचा कीवर्ड टॅग क्रम लावताना वापरला जात नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले होते.

तिसरी अडचण माहितीच्या स्वरूपाची. यंत्रांची यादी फोटो म्हणून किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये टाकलेली असते. मोबाइलवर ती नीट वाचता येत नाही आणि शोधयंत्रालाही साध्या मजकुराइतकी स्पष्ट कळत नाही. गुगल आता वेबसाइटची मोबाइल आवृत्तीच प्रामुख्याने वाचते. तिच्या निकषांनुसार पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. कॅमेऱ्यातून थेट चढवलेले मोठे फोटो हे वेग कमी होण्याचे नेहमीचे कारण असते.

चौथी बाब नव्या वेबसाइटची. जुनी वेबसाइट काढून नवी करताना पानांचे पत्ते बदलतात. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमची वाट लावून दिली नाही, तर आधी मिळवलेले स्थान गमावले जाते. वेबसाइट देखणी झाली आणि चौकशा घटल्या, अशा तक्रारीमागे अनेकदा हेच असते.

यात एक पथ्य पाळावे लागते. ग्राहकाचे ड्रॉइंग, त्याच्यासाठी बनवलेल्या भागाचा फोटो किंवा त्याचे बोधचिन्ह परवानगीशिवाय वेबसाइटवर टाकू नये. गोपनीयतेच्या करारामुळे लघुउद्योजक काहीच न लिहिण्याकडे झुकतात. पण भागाचा फोटो न टाकताही यंत्राची क्षमता, प्रक्रिया आणि तपासणीची पद्धत सविस्तर लिहिता येते.

नकाशावरचा पत्ता का महत्त्वाचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी परिसरातील अनधिकृत बांधकामांवर मोठी कारवाई केली. भंगाराची गोदामे आणि लहान वर्कशॉप अशी हजारो बांधकामे पाडली गेली. ज्यांचे शेड गेले, त्यांना दुसरीकडे जागा शोधावी लागली. अशा स्थलांतरात यंत्रे हलतात, वीजजोडणी बदलते, पण नकाशावरची खूण जुन्या जागीच राहते. ग्राहक मोकळ्या मैदानावर पोहोचतो आणि कारखाना बंद पडला असे समजतो.

‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ ही नकाशावरची नोंद विनामूल्य असते. जवळपासच्या व्यवसायांचा क्रम लावताना शोधाशी जुळणारे काम, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी हे तीन घटक पाहिले जातात, असे गुगल सांगते. अंतर आपल्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी आहेत. व्यवसायाचा वर्ग अचूक निवडणे, कामाचे तास आणि सुट्टीचा वार देणे, शेडच्या फाटकाचा फोटो टाकणे आणि खूण नेमकी फाटकावर ठेवणे ही साधी कामे आहेत. भोसरीत ‘जे ब्लॉक’, ‘टी ब्लॉक’ अशा पत्त्यांवर एकसारख्या दिसणाऱ्या शेडच्या रांगा आहेत. तिथे मालाचा टेम्पो नेमका पोहोचण्यासाठीही याचा उपयोग होतो.

जागा बदलल्यावर नवी नोंद उघडण्याऐवजी जुन्याच नोंदीतला पत्ता बदलावा. नवी नोंद उघडली, तर जुने अभिप्राय मागे राहतात आणि एकाच कारखान्याचे दोन पत्ते दिसू लागतात. वेबसाइट, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी आणि नकाशा या चारही ठिकाणी नाव आणि पत्ता सारखा असावा. पैसे देऊन अभिप्राय लिहून घेणे गुगलच्या नियमांत बसत नाही. त्याने नोंदच बंद होण्याचा धोका असतो.

‘पहिल्या पानाची हमी’ किती खरी?

पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहिले आहे. नैसर्गिक निकालातील क्रम पैसे देऊन मिळत नाही. पैसे मोजून दिसतात त्या जाहिराती. त्यांच्यावर तशी खूण असते, प्रत्येक क्लिकला पैसे जातात आणि अंदाजपत्रक संपले की त्या थांबतात. जाहिरात दिल्याने नैसर्गिक क्रम सुधारत नाही. कोणत्या शब्दांवरून खरी चौकशी येते हे तपासण्यासाठी थोड्या दिवसांची जाहिरात उपयोगी पडू शकते, इतकेच.

मग हमी पूर्ण कशी केली जाते? एक मार्ग म्हणजे कुणीही शोधत नाही असा लांबलचक शब्दसमूह निवडायचा आणि त्यावर पहिला क्रमांक दाखवायचा. दुसरा मार्ग म्हणजे शेकडो निरर्थक वेबसाइटवरून दुवे विकत घ्यायचे किंवा ‘सीएनसी टर्निंग’सोबत राज्यातल्या प्रत्येक तालुक्याचे नाव जोडून एकाच छापाची शेकडो पाने तयार करायची. दुव्यांची खरेदी गुगलच्या नियमांत आधीपासून बसत नाही. क्रमासाठी घाऊक पाने तयार करण्याविरुद्धचे नियम मार्च २०२४ मध्ये आणखी कडक झाले. कारवाई होते ती वेबसाइटवर. शुल्क घेऊन गेलेल्या एजन्सीवर नाही.

मदत घेणे चुकीचे नाही. मात्र करार करताना काही गोष्टी लेखी हव्यात. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, कारखान्याच्याच नावावर आणि कारखान्याच्याच ईमेलवर नोंदलेले असावे. सर्च कन्सोल, अ‍ॅनालिटिक्स आणि बिझनेस प्रोफाइलची मालकी उद्योजकाकडे असावी, एजन्सीला केवळ वापरण्याचा अधिकार द्यावा. महिन्याच्या अहवालात क्रमांकांच्या रंगीत तक्त्याऐवजी कोणत्या पानात कोणता बदल केला आणि कामाने झालेल्या शोधांत काय फरक पडला, हे लिहिलेले असावे. बदलांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, असेही गुगल सांगते. त्यामुळे पंधरा दिवसांत निकाल देण्याचे आश्वासन मिळाले, तर सावध राहावे.

इंडियामार्टवर नोंद असताना वेबसाइट कशाला?

इंडियामार्ट, ट्रेडइंडिया, जस्टडायल अशा ठिकाणांवरून चौकशा येतात, हे खरे आहे. लहान कारखान्याला सुरुवातीला तेथील नोंद उपयोगी पडते. पण तिथे एकच चौकशी अनेक पुरवठादारांकडे जाऊ शकते आणि बोलणे लगेच दरावर येते. नियम, शुल्क आणि क्रम दुसऱ्याच्या हातात असतात.

दुसऱ्याच्या जागेवर विसंबण्याचा धोका मार्च २०२४ मध्ये अनेकांना कळला. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधूनच फुकट तयार होणाऱ्या एक पानी वेबसाइट गुगलने त्या महिन्यात बंद केल्या. त्या पत्त्यांवर येणाऱ्यांना जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळवले गेले. त्यानंतर ते पत्तेच चालेनासे झाले. कार्डावर, पाटीवर, टेम्पोवर छापलेला पत्ता निरुपयोगी ठरला. स्वतःच्या डोमेनवरचा मजकूर, मग तो चार पानांचा का असेना, असा एका निर्णयाने नाहीसा होत नाही.

एआयमुळे काय बदलले?

शोधाच्या निकालावर वरच तयार उत्तर दाखवणारे ‘एआय ओव्हरव्ह्यू’ ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आले. जुलै २०२५ मध्ये प्रश्नोत्तराच्या स्वरूपातला ‘एआय मोड’ही खुला झाला. याचा परिणाम क्लिकवर होतो. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने तेथील लोकांच्या मार्च २०२५ मधील वापराचा अभ्यास केला. त्यात एआय सारांश दिसला तेव्हा केवळ ८ टक्के वेळा नेहमीच्या दुव्यावर क्लिक झाले. सारांश नव्हता तेव्हा हे प्रमाण १५ टक्के होते.

‘टर्निंग म्हणजे काय’ अशी सामान्य माहिती लिहून वेबसाइटवर गर्दी आणण्याचे दिवस त्यामुळे सरत आहेत. ते उत्तर आता वरच मिळते. पण भोसरीत ३०० मिलिमीटर व्यासाचा भाग कोण करून देईल, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एआयलाही कुठे तरी लिहिलेली खरी माहिती लागते. तपशील नेमका असेल, तर लहान कारखान्याचे नाव तिथे येण्याची शक्यता उरते. मात्र मोजणी अवघड झाली आहे. एआय सारांशातून झालेले दर्शन आणि क्लिक सर्च कन्सोलच्या एकूण आकड्यांतच मिसळतात. म्हणून वेबसाइट दिसण्याचे आकडे वाढले आणि क्लिक घटले, तरी घाबरून वेबसाइट बदलण्यापूर्वी चौकशीची वही पाहावी.

याला मर्यादा कोणत्या आणि पुढे काय?

गुगलवर सापडल्याने वाहन कंपनीचा पुरवठादार होता येत नाही. त्यासाठी कारखान्याची पाहणी, नमुन्यांची मंजुरी, दर्जाची कागदपत्रे आणि दर या पायऱ्या चढाव्याच लागतात. दृश्यमानता फक्त पहिला फोन मिळवून देते. त्या फोनला कुणी उत्तर दिले नाही किंवा कोटेशन आठवड्याने पाठवले, तर वेबसाइटवरचा खर्च वाया जातो. ज्या कारखान्याची सर्व क्षमता पुढच्या वर्षभरासाठी भरलेली आहे, त्याला यावर मोठा खर्च करण्याचे कारणही नाही.

पण काम भरलेले असते, तेव्हाच पुढच्या मंदीची तयारी करता येते. सर्च कन्सोलची नोंद खाते जोडल्यानंतर सुरू होते आणि मागील सोळा महिन्यांचीच माहिती तिथे ठेवली जाते. वाहन उद्योगात दसरा-दिवाळीआधी काम वाढते आणि नंतर ओसरते. त्यामुळे या महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी करायला हवी. ज्याने आज खाते जोडले, त्याला ही पहिली खरी तुलना वर्षभराने मिळेल. ज्याने मोठ्या ग्राहकाचे वेळापत्रक निम्म्यावर आल्यानंतर ते जोडले, त्याला तेव्हा वर्षभर थांबायला सवड नसेल.